अज्ञानाचा चेहरा : बालकाचे व्यक्तिचित्र आणि पाहणाऱ्याची नीती

व्यक्तिचित्र या प्रकाराविषयी झालेली तात्त्विक चर्चा बहुतांशी प्रौढ माणसाचे चित्र गृहीत धरून झालेली आहे. प्रौढ माणूस चित्रकाराला बोलावतो, मोल ठरवतो, कोणता पोशाख घालायचा आणि हातात काय धरायचे हे सांगतो, आणि चित्र पसंत पडले नाही तर नाकारूही शकतो. त्यामुळे त्याच्या चित्रातील चेहरा हा काही प्रमाणात त्याने स्वतःविषयी केलेले विधान असतो, आणि त्या विधानाची जबाबदारी चित्रकाराइतकीच त्याच्यावरही टाकता येते. मुलाच्या चित्राला हे वर्णन लागू पडत नाही. मूल चित्रासाठी बसत नाही, त्याला बसवले जाते. त्याच्या चेहऱ्यात काय दिसावे हे इतरांनी ठरवलेले असते. जे दिसावे असे ठरते ते पुष्कळदा त्याच्यापाशी अद्याप आलेलेच नसते. अशा चित्रासमोर उभा राहणारा पुढच्या काळातला प्रेक्षक त्या चेहऱ्यात जे वाचतो, ते वाचण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा वाटला तरी मुळात नीतीचा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अठराव्या शतकातील एका इटालियन चित्रकर्त्रीने रंगवलेल्या मुलाचे आहे. व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा (१६७३–१७५७) ही रंगीत खडूंच्या माध्यमातील त्या काळची सर्वांत ख्यातनाम कलावंत. १७२० मध्ये ती पॅरिसला गेली, त्याच वर्षी तेथील राजकीय कला अकादमीने तिला सदस्यत्व दिले, आणि तेथे तिने दहा वर्षांच्या पंधराव्या लुईचे चित्र केले. ते आज ड्रेस्डेनच्या संग्रहात आहे. हा मुलगा १७१५ मध्ये पाच वर्षांचा असताना गादीवर आला होता आणि राज्यकारभार ऑर्लेआँचा ड्यूक फिलिप पाहत होता. कॅरिएराचे माध्यम येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. कागदावर खडूची भुकटी बसवून केलेले हे चित्र बोट लागले तरी पुसले जाते. त्यात तैलरंगाचा टणकपणा नाही. राजपुरुषाची प्रतिमा चिरस्थायी करण्यासाठी याहून नाजूक साधन निवडणे कठीण. पॅरिसमधील वास्तव्यात ती रोजनिशी लिहीत असे. राजाच्या बैठकीविषयी तिने जे नोंदवले आहे त्यात राज्याचे काही नाही. मुलाची बंदूक पडली, त्याचा पोपट मेला आणि त्याच्या लहान कुत्र्याला बरे वाटेनासे झाले, एवढेच आहे. चित्रात मात्र ना पोपट आहे ना कुत्रा. तेथे आहे तो फ्रान्सचा राजा. मुलाचा तो दिवस रोजनिशीत राहिला आणि राजाचा दिवस चित्रात गेला, आणि दोन्ही नोंदी एकाच हाताच्या आहेत.

पंधरावा लुई १७७४ च्या मे महिन्यात वारला. त्याच्या तीनच आठवडे आधी, १८ एप्रिल १७७४ रोजी, पुरंदर किल्ल्यावर दुसरा एक मुलगा जन्मला होता आणि लुई वारला त्याच महिन्याच्या अखेरीस, अवघ्या चाळीस दिवसांचा असताना, त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. हा केवळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध करण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरेल. परंतु बालराजा आणि त्याचा पालक ही जोडी चित्रात कशी उतरते याचा विचार मराठी वाचकाला पॅरिसपेक्षा पुण्यातच अधिक जवळून करता येतो.

सवाई माधवरावांचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतरचा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. आई गंगाबाई १७७७ मध्ये वारल्या. कारभार प्रथम बारभाईंच्या आणि मग मुख्यतः नाना फडणीसांच्या हाती राहिला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला, आणि इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने १७९२ मध्ये त्याने पेशवे आणि नाना यांचे सेवकांसह एकत्रित चित्र केले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. या वेळी माधवराव अठरा वर्षांचे होते, म्हणजे वयाने मूल नव्हते. तरीही ते चित्र ‘मुलाचे’ आहे असे म्हणावे लागते, आणि त्याचे कारण चेहऱ्याच्या कोवळेपणात शोधण्याची गरज नाही. बाल्य ही जशी शरीराची अवस्था आहे तशीच ती एक राजकीय आणि कायदेशीर अवस्थाही आहे. मराठी कायद्याच्या भाषेत वयात न आलेल्याला ‘अज्ञान’ म्हणतात आणि वयात आलेल्याला ‘सज्ञान’. ‘अज्ञान पालनकर्ता’ हा शब्दप्रयोग जमिनीच्या कागदपत्रांत आजही भेटतो. या शब्दांत एक मोठे तात्त्विक गृहीत दडलेले आहे. मूल दुर्बळ आहे किंवा लहान आहे असे हा शब्द सांगत नाही. त्याला कळत नाही असे सांगतो. आणि ज्याला कळत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याला कळते, हे त्यातून आपोआप निष्पन्न होते. वेल्सच्या चित्रात पालक आणि पाल्य एकाच चौकटीत आहेत. पॅरिसच्या चित्रात मात्र फिलिप दिसत नाही, तो चौकटीबाहेर राहून मुलाला एकटे राजा होऊ देतो. पुण्याच्या चित्राचा प्रामाणिकपणा असा की त्याने ही सोंगाची सोय घेतलेली नाही. सत्ता कोणाची आणि कारभार कोणाचा हे दोन्ही त्यात एकाच वेळी दिसते.

आता पाहणाऱ्याकडे वळावे. या चित्राविषयी बोलताना जाणकारांनाही एक मोह आवरत नाही. माधवरावांच्या मुद्रेत उदासपण, दबलेपण, येणाऱ्या अंताची छाया दिसते असे म्हणण्याचा तो मोह आहे. कारण पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबरला वारले. तो आत्मघात होता की तापाच्या भरात घडलेला अपघात, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. ग्रँट डफने आत्मघाताचा पक्ष घेतला आणि नानांच्या कडक देखरेखीला त्याचे कारण मानले. इतरांनी आजाराचा पक्ष मांडला. म्हणजे जी गोष्ट कागदपत्रांच्या आधारेही निर्णायकपणे सांगता येत नाही, ती तीन वर्षे आधी रंगवलेल्या चेहऱ्यावर पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते. हे दिसणे कसले? डोळ्यांनी तेथे काही नवे टिपलेले नाही. जे आधीच ठाऊक आहे ते रंगांवर ठेवून पुन्हा उचलले आहे, आणि उचलताना ते चित्रानेच दिले असा भास झाला आहे. सावकार जशी आपलीच रक्कम दुसऱ्याच्या नावे मांडून तिच्यावर व्याज लावतो, तशातलाच हा व्यवहार आहे.

रोलाँ बार्तने छायाचित्रावरील आपल्या १९८० च्या पुस्तकात फाशीची वाट पाहणाऱ्या एका तरुण कैद्याच्या छायाचित्राचा विचार केला आहे. तेथे हा माणूस मरणार आहे आणि मेलेलाही आहे या दोन काळांच्या टकरीतून पाहणाऱ्याला जी जखम होते तिचे त्याने केलेले विश्लेषण मराठी समीक्षेतही परिचित आहे. त्याचा उपयोग येथे सरळ करता येत नाही. छायाचित्रामागे त्या क्षणी तेथे असलेल्या शरीराची हमी असते. शिवाय त्या कैद्याला आपला शेवट माहीत होता. त्याच्या चेहऱ्यावर तो होता असे मानायला निदान जागा आहे. १७९२ मधील माधवरावांना १७९५ माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मृत्यू पाहणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा अज्ञान ठरवणे होय. तुझ्याविषयी तुला कळत नाही ते आम्हाला कळते, ही पालकाची भूमिका आता प्रेक्षकाने घेतलेली असते. नानांनी घेतलेल्या भूमिकेला निदान राज्याची गरज हे कारण होते.

या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग मराठी सौंदर्यविचारात फार पूर्वी सुचवला गेलेला आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाच्या भूमिकेतून चित्र पाहिले तर त्यातील माणूस कोण होता आणि त्याचे पुढे काय झाले हे प्रश्न कलाबाह्य ठरतात. उरतात ते रंग-रेषांतील संवाद, विरोध आणि समतोल यांचे संबंध. ही शिस्त वाटते तितकी कोरडी नाही. वरील मोहाविरुद्ध तिच्याइतके प्रभावी औषध दुसरे नाही. परंतु रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) दाखवून दिले त्याप्रमाणे सौंदर्याच्या संकल्पनेला स्वायत्ततेचा एक ध्रुव आहे तसा लौकिकतेचाही एक आहे, आणि व्यक्तिचित्र हा प्रकार दुसऱ्या ध्रुवाशी इतक्या घट्टपणे बांधलेला आहे की ते बंधन तोडले तर प्रकारच उरत नाही. व्यक्तिचित्रात नाव हे शीर्षक नसते, तो चित्राचा घटक असतो. नाव पुसले की ‘एका तरुणाचे चित्र’ उरते. ते कदाचित अधिक चांगले चित्रही असेल, पण ते दुसरे चित्र असते. तेव्हा माधवराव कोण होते हे विसरून चित्र पाहावे असा सल्ला म्हणजे प्रश्न सोडवणे नव्हे, प्रश्न ज्या चित्राविषयी आहे ते चित्रच बदलणे आहे.

दुसरा मार्ग बारामतीहून जातो. पुरंदरच्या परिसरातून येणारी कऱ्हा जेथून वाहते त्या गावी, पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, १७९२ साली मोरोपंत राहत होते. त्यांचा जन्म १७२९ चा, म्हणजे या वेळी ते त्रेसष्ट वर्षांचे होते. आयुष्याची मोठी वर्षे बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने बारामतीत काढून १७९४ मध्ये ते वारले, बालपेशव्याच्या एक वर्ष आधी. नाईक हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरे होते, आणि १७४० मध्ये पेशवेपदासाठी त्यांनी नानासाहेबांविरुद्ध दावा केला होता. थोरल्या बाजीरावांना दिलेले कर्ज हे त्या दाव्यातील त्यांचे एक बळ होते. मराठी राज्यातील पदे आणि रोखे यांचे नाते किती निकटचे होते हे त्यावरून समजते. मोरोपंतांचा या राजकारणाशी संबंध आश्रिताचा. पुराण सांगणे आणि आर्या रचणे हे त्यांचे काम. परंतु ‘आर्याभारता’त त्यांना जी गोष्ट सांगावी लागली तिच्यात एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. मोठ्यांनी आखलेल्या युद्धात त्याला पुढे केले गेले, आत शिरण्याचे ज्ञान त्याला होते, बाहेर पडण्याचे नव्हते. अभिमन्यू हा शब्दशः अर्ध्या ज्ञानाचा मुलगा आहे. अज्ञान आणि सज्ञान यांच्या मधल्या रेषेवरच तो मारला जातो.

पुराण ऐकायला बसलेल्या श्रोत्याला अभिमन्यू मरणार हे पहिल्या आर्येपासून ठाऊक असते. तो व्यूहात शिरताना श्रोत्याच्या मनात जो करुण दाटतो तो या पूर्वज्ञानातूनच येतो, आणि त्यात अन्याय काही नाही. कारण हे ज्ञान कवी, श्रोता आणि कथा यांच्यातील करारात अंतर्भूत आहे. अभिमन्यू हा त्याच्या मृत्यूसह एक आहे. मृत्यू वगळून ज्याचे वर्णन करता येईल असा अभिमन्यू कथेबाहेर कोठे उभा नाही. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात राम आणि सीता आपल्याच गत आयुष्याची चित्रे पाहतात तेथेही हेच घडते. चित्रे भूतकाळाची आहेत, प्रेक्षकाला मात्र त्याच दिवशी होऊ घातलेला त्याग दिसतो आहे. भवभूतीने ती दरी मुद्दाम बांधली आहे आणि प्रेक्षकाला तेथे उभे केले आहे. माधवरावांच्या चित्रासमोर मात्र प्रेक्षकाला असे कोणी उभे केलेले नाही. वेल्सने चित्रात तसा इशारा ठेवलेला नाही, तो ठेवणे त्याला शक्यही नव्हते. तेथे प्रेक्षक पुराणातल्या श्रोत्याची जागा आपण होऊन घेतो आणि एका जगून गेलेल्या माणसाला आख्यानातील पात्र करतो. दोन्ही ठिकाणी अश्रू तेच असले तरी त्यांचा अधिकार वेगळा आहे. बारामतीच्या श्रोत्याकडून ते अपेक्षित होते. लंडनमधल्या प्रेक्षकाने ते स्वतःच्या खर्चाने आणलेले असतात.

(मोरोपंतांच्या एकशे आठ रामायणांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे, ज्यात ओठ जुळवून उच्चारावे लागणारे वर्ण नाहीत. त्याची गणना पुष्कळदा शब्दकसरतीत होते आणि ते चुकीचे नाही. तरी बंद ओठांच्या एका तरुणाचे चित्र त्याच काळात शेजारच्या शहरात होत होते हे लक्षात घेतले की ही कसरत थोडी वेगळी दिसू लागते. या दोहोंत कार्यकारणाचा संबंध अर्थातच नाही.)

या युक्तिवादावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. चेहऱ्यावर दुःख पाहण्यास नकार देणे म्हणजे पालकाने मांडलेले चित्र निमूटपणे मान्य करणे नव्हे काय? सत्तेने जे झाकले ते पुढच्या वाचकाने उघड करायचे नाही तर कोणी? १९८०–९० च्या दशकांत संहितेतील मौने वाचण्याची जी पद्धत मराठी समीक्षेत रूढ झाली तिच्या दृष्टीने हा आक्षेप अटळ आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सवाई माधवराव स्वतः काय म्हणत होते याचे पुरावे थोडे आहेत. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात नोंदवलेली एक हकीगत त्यांपैकी प्रसिद्ध आहे. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध जय मिळाल्यावर पेशवे खिन्न दिसले. नानांनी कारण विचारता, मोगलांनी इतक्या लाजिरवाण्या रीतीने शरण यावे आणि आपल्या लोकांनी प्रयत्नावाचून मिळालेल्या विजयाची बढाई मारावी, यात दोन्ही बाजूंची अधोगती दिसते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हकीगत ऐकीव आहे हे मान्य करूनही तिच्यात एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. येथे खिन्नता पाहणारा दुसरा माणूस आहे, तो स्वतः तर्क न करता विचारतो, आणि ज्याचा चेहरा आहे तो उत्तर देतो. उत्तर अपेक्षेबाहेरचे निघते. ती खिन्नता स्वतःच्या पराधीनतेची नाही, राज्याविषयीची आहे. नाना केवळ चेहरा वाचून थांबले असते तर त्यांनी काय वाचले असते? बहुधा आजचा प्रेक्षक वाचतो तेच.

म्हणून आक्षेपाला उत्तर असे देता येईल की पालकाविरुद्धचा पुरावा जरूर गोळा करावा. पण तो पत्रांतून, रोजकीर्दीतून, देखरेखीच्या तपशिलातून गोळा करावा. चेहरा हा साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही, कारण त्याची उलटतपासणी शक्य नसते. हे उत्तर पुरेसे आहे असा दावा मात्र करता येणार नाही. ज्यांची पत्रे राहिली नाहीत अशांचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि बहुसंख्य मुले त्यांतच मोडतात.

चेहऱ्याची साक्ष किती धोक्याची असते याचा अनुभव पेशवाईने या मुलाच्याच बालपणी घेतला होता. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच असे सांगणारा तोतया १७७६ मध्ये कोकणात मोठा जमाव घेऊन उठला. ज्यांनी भाऊंना पाहिले होते अशा लोकांनी त्याला ओळखल्याचे सांगितले, ज्यांनी पाहिले होते अशाच इतरांनी नाकारले. चौकशी होऊन त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ मध्ये मरेपर्यंत सौभाग्यचिन्हे धारण करीत होत्या. एकीकडे निर्णय झाला होता आणि दुसरीकडे प्रतीक्षा चालूच होती, आणि दोहोंना आधार स्मरणातील एका चेहऱ्याचाच होता. मराठीत चेहरा, मुद्रा, मुखवटा आणि तोंडवळा असे वेगवेगळे शब्द आहेत त्यांचा येथे उपयोग होतो. मुद्रा ही क्षणाची असते, तोंडवळा घराण्याचा असतो. बालपेशव्याच्या बाबतीत तोंडवळा हाच वादाचा विषय होता. रघुनाथरावांच्या पक्षाकडून हे मूल नारायणरावांचे नव्हेच, अशी शंका पसरवली गेली होती. अशा मुलाच्या चेहऱ्याकडे जन्मापासून जो तो पुरावा म्हणूनच पाहत आलेला असणार. शाकुंतलाच्या सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याशी झोंबणाऱ्या सर्वदमनाच्या हातावर दुष्यंताला चक्रवर्तीची लक्षणे दिसतात, मोरोपंतांनीही हाताळलेल्या कुशलवांच्या आख्यानात मुलांचे रूपच पित्याची ओळख पटवते. परंपरेने मुलाच्या देहाला नेहमीच वाचनीय मानले आहे, आणि ते वाचन नेहमी वडिलांच्या किंवा गादीच्या बाजूने झाले आहे. चित्रसूत्रकारांनी आणि टीकाकारांनी ज्याला सादृश्य म्हटले त्याचा हा राजकीय उपयोग. सादृश्य कशाशी, हे ठरवणारा कोणी तरी तेथे उभा असतोच.

बारामतीच्या पूर्वेचे इंदापूर या चर्चेत एका अभावामुळे येते. परमानंदाच्या शिवभारतात मालोजी राजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडल्याचे वर्णन आहे. पुढे पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण या परगण्यांची शहाजीराजांची जहागीर हीच बाल शिवाजीची पहिली भूमी झाली. त्या बालकाचे समकालीन चित्र नाही. शिवाजी महाराजांची जी समकालीन किंवा जवळच्या काळातील चित्रे उपलब्ध आहेत ती प्रौढ वयाची आहेत. शिवभारतात बाललीलांचे वर्णन आहे, पण ते महाकाव्याच्या संकेतांत बसवलेले आहे, आणि परमानंद ते लिहीत होता तेव्हा नायक पन्नाशीकडे झुकलेला होता. विसाव्या शतकातील चित्रकारांनी, शिल्पकारांनी आणि कादंबरीकारांनी ही पोकळी भरली. ती भरताना प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत पुढचा छत्रपती घातला. येथे घडते ते माधवरावांच्या उलट आहे आणि तरी तेच आहे. एका मुलावर पुढचा मृत्यू लादला गेला, दुसऱ्यावर पुढचे यश. यश लादणे हे लादणेच नव्हे असे वाटते, कारण त्यात कोणाचे नुकसान दिसत नाही. नुकसान आहे ते मुलाच्या अनिश्चिततेचे. बारा वर्षांच्या मुलापुढे जे अनेक रस्ते उघडे असतात, आणि ज्यांतला एक तो पुढे स्वतः निवडतो, ते सर्व अशा चित्रात आधीच बुजवलेले असतात. मग त्याचे निवडणेही नाहीसे होते, आणि निवड नाहीशी झाली की थोरवीचा अर्थही उणावतो. थोर पुरुषाच्या बालपणाचे चित्र काढणाऱ्यांना हे क्वचित जाणवते.

आज याच तालुक्यांच्या चौकांतून, जसे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या चौकांतून, वाढदिवसाच्या फलकांवर शाळकरी मुलांचे चेहरे भावी नेतृत्व म्हणून झळकताना दिसतात. काळा चष्मा, हात जोडलेले, मागे वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यांची रांग. त्यांची थट्टा करणे सोपे आहे, परंतु रचना जुनीच आहे. चौकटीत मूल पुढे आणि ज्यांच्यासाठी ते पुढे केले आहे ते मागे. १७९२ च्या चित्रात नाना शेजारी तरी बसलेले आहेत.

माधवरावांना काय आवडत असे हे त्या चित्रावरून कळत नाही. ते दुसरीकडून कळते. त्यांना प्राण्यांचा षोक होता. पर्वतीच्या पायथ्याकडील त्यांच्या शिकारखान्यात सिंह होते, गेंडा होता, आणि नाचायला शिकवलेली हरणे होती. गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० च्या सुमारास त्या गेंड्याचे चित्र मॅलेटसाठी काढले. ते आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. वेल्सबरोबर काम करणारा हाच तांबट. त्याच्या गेंड्यात कोणतेही अनुमान नाही; कातडीच्या घड्या, पायांचे वजन, एवढेच आहे. पेशवा त्यात नाही, परंतु तो गेंडा पाहायला पेशवा जात असे. कॅरिएराच्या रोजनिशीतील मेलेल्या पोपटाच्या जागी पुण्याकडे हा गेंडा आहे असे म्हणता येईल, आणि मुलाच्या चित्रात जे आले नाही ते शोधायचे तर अशाच जागी शोधावे लागते. जे मुलाने पाहिले ते पाहणे हे मुलाकडे पाहण्यापेक्षा कमी धोक्याचे आहे, एवढे तरी निश्चित.

माधवरावांच्या मागोमाग, १७९५ च्या नोव्हेंबरमध्ये, वेल्सही वारला. त्याची कन्या सुसॅना हिने १७९९ मध्ये मॅलेटशी विवाह केला. मॅलेटला आपल्या कारकिर्दीतील मोठा दिवस, टिपूविरुद्धचा १७९० चा पुण्याचा करार, चित्रात हवा होता. ते काम टॉमस डॅनिएलकडे गेले. करार झाला तेव्हा डॅनिएल पुण्यात नव्हता, आणि वेल्सने तोवर हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते. वेल्सने नंतर केलेल्या अभ्यासचित्रांवरून डॅनिएलने लंडनमध्ये तो दरबार रचला आणि १८०५ मध्ये पुरा केला. त्यातील पेशवा सोळा वर्षांचा असायला हवा, पण चेहरा ज्या अभ्यासचित्रांवरून घेतला ती त्याच्या अठराव्या वर्षानंतरची आहेत, आणि चित्र पुरे झाले तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षे झाली होती. चित्राच्या शीर्षकात प्रथम नाव मॅलेटचे येते, पेशव्याचा उल्लेख केवळ पदाने होतो. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.